जनरेटर धडधडतो, पण दिवा लागत नाही

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला एखादे झाड तारेवर पडले, की वीज केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून आपल्यापैकी कित्येकांनी पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर घेऊन ठेवला आहे. कोणाला दूध थंड ठेवायचे असते, तर कोणाकडे कोंबडीची पिले असतात. पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. दिवे विझले, की ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. नेमक्या अशाच रात्री दोरी ओढावी, इंजिन झकास चालू व्हावे आणि दिवा मात्र लागू नये, असे पुष्कळदा घडते.

मग माणूस घाबरतो. कोणी उगाच इंजिनाचा वेग वाढवतो, तर कोणी ‘वाइंडिंग जळाले’ असे ठरवून यंत्र शहरात पाठवतो. आमचे सांगणे एवढेच, की खर्चात पडण्यापूर्वी क्रमाने तपास करावा. दोष पुष्कळदा लहान असतो.

वीज तयार होते कशी?

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरवला, की तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडे यांनी हे १८३१ साली दाखवून दिले. जनरेटरमध्ये फिरणारा भाग म्हणजे रोटर. तो विजेवर चालणारा चुंबक असतो. आता चुंबक होण्यास वीज हवी आणि वीज होण्यास चुंबक हवा. कोंबडी आधी की अंडे आधी, तसाच हा प्रश्न!

त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. भांडेभर दुधाचे दही करण्यास चमचाभर विरजण पुरते. रोटरच्या लोखंडात मागच्या वेळचे थोडेसे चुंबकत्व उरलेले असते, तेच विरजण. इंजिन फिरताच त्यातून दोन-चार व्होल्ट तयार होतात. ते रोटरकडे परत जातात, चुंबक बळकट होतो, वीज वाढते आणि असे करता करता २३० व्होल्टपर्यंत मजल जाते. वेर्नर फोन सीमेन्स यांनी १८६६ साली ही युक्ती यंत्रात उतरवली.

म्हणजे वीज येत नसेल, तर विरजण संपले आहे का, की विरजण आहे पण दुधापर्यंत पोचत नाही, हे शोधायचे.

आधी बाहेरून पाहा

१. सर्व जोडण्या काढून टाकाव्यात. घरात चालत असलेला जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा बल्ब थेट जनरेटरच्या सॉकेटला लावून पाहावा. तो पेटला, तर जनरेटर निर्दोष आहे. दोष लांबच्या वायरमध्ये किंवा प्लगमध्ये आहे. उंदरांनी कुरतडलेली वायर हे नेहमीचे कारण.

२. सॉकेटजवळचा ब्रेकर पडला आहे का ते पाहावे. भार जास्त झाल्यास तो पडतो. भार काढून मगच तो वर करावा. लगेच पुन्हा पडला, तर बळजबरी करू नये.

३. इंजिनाचा आवाज ऐकावा. बहुतेक लहान जनरेटर मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेतात, तेव्हा ५० सायकलची वीज मिळते. जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरमध्ये बसला किंवा चोक अर्धवट राहिला, तर इंजिन रेंगाळते आणि वीज उभी राहत नाही. कार्बुरेटर साफ करावा. वेगाचा स्क्रू अंदाजाने पिळू नये, कारण व्होल्ट वाढून घरातली उपकरणे जळतात.

मग मीटर लावा

मल्टिमीटर ए.सी. ७५० किंवा १,००० व्होल्टच्या खुणेवर ठेवून, कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून सॉकेट मोजावे.

मीटरने दोन ते पाच व्होल्ट दाखवले, तर विरजण शिल्लक आहे. ते रोटरपर्यंत पोचत नाही. अशा वेळी कार्बन ब्रश, कंडेन्सर, डायोड किंवा व्होल्ट सांभाळणारा ए.व्ही.आर. यांपैकी एकात दोष असण्याचा संभव अधिक.

मीटर अगदी शून्यावर राहिला, तर बहुधा विरजण गेले आहे किंवा आत कोठे तार तुटली आहे. यंत्र महिनोन् महिने पडून राहिले, भार जोडलेला असताना पेट्रोल संपून बंद पडले किंवा वाहतुकीत जोराने आदळले, तर चुंबकत्व जाऊ शकते.

यंत्र उघडताना

प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. मागचे झाकण काढल्यावर यंत्र कोणत्या जातीचे आहे ते कळते.

दोन वायरी जोडलेले कार्बन ब्रश दिसले, तर ते बाहेर काढून पाहावेत. ते झिजले असतील किंवा अडकले असतील, तर पितळी कड्यांना टेकत नाहीत. ब्रश बदलावेत आणि कड्यांवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसावी. एवढ्यानेही पुष्कळ जनरेटर सुरू होतात.

तरीही शून्यच असेल, तर विरजण घालावे लागते. ब्रशच्या दोन्ही वायरी काढाव्यात. अधिक कोणती व उणे कोणती, याची आधी खूण करून ठेवावी. इंजिन बंदच ठेवून १२ व्होल्टच्या बॅटरीचे अधिक टोक अधिक ब्रशला व उणे टोक उणे ब्रशला तीन-चार सेकंद लावावे. वायरी पुन्हा जोडून इंजिन चालू करावे. ठिणगी उडते, म्हणून पेट्रोलची टाकी घट्ट बंद असावी व जवळ सांडलेले पेट्रोल नसावे.

ब्रश नसतील आणि डबीसारखा कंडेन्सर दिसला, तर त्याला हात लावू नये. यंत्र बंद असले तरी त्यात झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. ते काम वायरमनचे. नवा कंडेन्सर जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्यावा.

अलीकडे मिळणाऱ्या, कमी आवाजाच्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये कायमचा चुंबक असतो. त्याला बॅटरी लावू नये. भार जास्त झाल्याचा दिवा लागला असेल, तर भार काढावा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करावे.

घाईत जीव जातो

दोन गोष्टी आम्ही कळकळीने सांगतो.

पाऊस लागतो म्हणून जनरेटर ओटीवर, गोठ्यात किंवा पिलांच्या खोलीत आणून दुरुस्त करू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. माणूस ते पित्त समजून पडून राहतो आणि उठत नाही. जनरेटर घरापासून निदान २० फूट दूर, उघड्यावर, वरून पत्रा टाकून ठेवावा आणि धुराचे तोंड खिडकीकडे नसावे. कोणाला त्रास झाल्यास त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून दवाखान्यात न्यावे.

दुसरे, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर घरच्या सॉकेटला लावून वीज आत सोडू नये. ती वीज खांबावर जाते. गावातला ट्रान्सफॉर्मर उलट दिशेने तिचे ११,००० व्होल्ट करू शकतो. तार बंद आहे असे समजून लाईनमन खांबावर चढलेला असतो. आपल्या घरातल्या एका दिव्यासाठी दुसऱ्या घरचा दिवा विझता कामा नये. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा.

पुढच्या वेळेसाठी

महिन्यातून एकदा जनरेटर बल्बच्या भारावर १५-२० मिनिटे चालवावा. बंद करताना आधी भार काढावा, दोन मिनिटे मोकळा चालू द्यावा, मग थांबवावा. यंत्र बरेच दिवस ठेवायचे असल्यास कार्बुरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे.

एवढे करूनही वीज आली नाही, तर कारागिराकडे जाताना मीटरचा आकडा, ब्रशची स्थिती आणि आपण काय काय करून पाहिले, हे कागदावर लिहून न्यावे. त्यामुळे त्याला नेमका दोष शोधणे सोपे जाते आणि चांगले वाइंडिंग विनाकारण उसवले जात नाही.