रेडिओवरचा निरोप बिनचूक कसा द्याल?



पूर-भूकंपात फोन बंद पडतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपात परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचवले. अनेक केंद्रे एकाच लहरीवर येतात, तेव्हा एक नियंत्रक पाळी लावतो. दोघे एकदम बोलले तर कुणाचेच कळत नाही. म्हणून वेळ थोडा मिळतो. चालकाकडे जाताना एवढे सांभाळा :

१) निरोप थोडक्यात लिहून न्या.

२) नुसते 'नागापूर' लिहू नका, या नावाची गावे दुसऱ्या जिल्ह्यांतही आहेत. तालुका, जिल्हा घाला.

३) जखमी किती, काय हवे, ते आकड्यांत द्या. आकडा पलीकडून परत वदवून घ्यायला सांगा.

४) जिवावरचा निरोप आधी, खुशालीचा मागून.

५) ऐकीव बातमी देऊ नका.

भलत्या गावी गेलेले औषध आपल्या माणसाला वाचवत नाही.