वेंडेल स्कॉट : चालकही तेच, मिस्त्रीही तेच

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींची मुळं हातभट्टीच्या दारूत आहेत. दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात रात्री दारू पोचवणारे चालक साध्या, बाजारात मिळणाऱ्या मोटारींच्या इंजिनांची ताकद वाढवून घेत. मागच्या स्प्रिंगा जाड बसवत, म्हणजे डिकीत माल ठासून भरला तरी गाडी दबलेली दिसत नसे. पोलिसांना चुकवताना अंगी भिनलेलं हे कसब पुढे मातीच्या गोल ट्रॅकवर उतरलं आणि १९४८ साली ‘नासकार’ ही या शर्यतींची संघटना स्थापन झाल्यावर त्याला नियमांची चौकट मिळाली.

वेंडेल स्कॉट याच मुशीतून घडले. जन्म १९२१चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात लष्करात मेकॅनिक म्हणून काम केलं, गावी परतून गॅरेज थाटलं आणि रात्री दारूच्या खेपाही मारल्या. १९५२ साली डॅनव्हिलच्या शर्यतीला गर्दी खेचण्यासाठी आयोजकांना एक कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी चौकशी केली ती पोलिसांकडे, आणि पोलिसांनी नाव सुचवलं स्कॉट यांचं. त्यांचा वेग पोलिसांनी पाठलागात अनुभवलेला होता.

शाळा, हॉटेलं, बसगाड्या सगळीकडे वर्णभेद पाळला जात होता, तो हा काळ. काही ट्रॅकवरून त्यांना परत पाठवलं गेलं, प्रेक्षकांच्या शिव्या खाव्या लागल्या, ट्रॅकवर मुद्दाम धडकाही बसल्या. तरीही १९५९ साली त्यांनी व्हर्जिनियाचं राज्य विजेतेपद मिळवलं आणि १९६१ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, नासकारच्या सर्वोच्च ‘ग्रँड नॅशनल’ मालिकेत पाऊल टाकलं.

तिथे खरी झुंज पैशाशी होती. मोठ्या संघांना कारखान्यांकडून इंजिनं, टायर आणि पैसा मिळे. स्कॉट यांच्या वाट्याला जुन्या गाड्या आणि इतरांनी वापरून टाकलेले सुटे भाग येत. पिटमध्ये टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला त्यांची मुलंच असत. गाडीवर त्यांनी ‘मेकॅनिक : मी’ असं रंगवून ठेवलं होतं. इंजिन जळालं तर पुढची शर्यत हुकणार, म्हणून ते गाडी जपून हाकत. शर्यत पूर्ण केली की थोडंफार बक्षीस मिळे आणि त्यातून पुढच्या शर्यतीची सोय होई.

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर दोनशे फेऱ्यांची शर्यत होती. प्रतिस्पर्धी रिचर्ड पेटी यांच्या गाडीत बिघाड झाला आणि स्कॉट पुढे निघाले. दुसऱ्या क्रमांकावरच्या बक बेकर यांच्यावर त्यांची तब्बल दोन फेऱ्यांची आघाडी होती. तरी विजयाचा चौकटींचा झेंडा त्यांच्यासाठी हललाच नाही. विजेते म्हणून बेकर यांना जाहीर करून करंडकही देऊन टाकला. स्कॉट यांनी हरकत घेतली. प्रेक्षक पांगल्यानंतर फेऱ्यांची मोजणी पुन्हा तपासली गेली आणि स्कॉट यांचा विजय मान्य झाला. त्या विजयाचा करंडक नासकारने त्यांच्या कुटुंबीयांना दिला तो २०२१ साली. स्कॉट १९९०मध्येच गेले होते.

त्यांचं नाव निघालं की या अन्यायाचीच गोष्ट सांगितली जाते. ती सांगायलाच हवी. पण स्कॉट यांची थोरवी मला त्यांच्या रोजच्या चिवटपणात दिसते. ४९५ शर्यती, त्यांपैकी १४७ वेळा पहिल्या दहांत. १९६६ साली, कारखान्याचा आधार नसताना, वर्षाच्या गुणतक्त्यात सहावा क्रमांक. १९७३ साली टॅलाडेगा ट्रॅकवरच्या भीषण साखळी अपघातात ते जबर जखमी झाले आणि कारकीर्द जवळपास तिथेच संपली. २०१५ साली नासकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं.

नासकारच्या त्या सर्वोच्च मालिकेत दुसरा कृष्णवर्णीय विजेता, बब्बा वॉलेस, दिसायला २०२१ साल उजाडावं लागलं. मधली जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं पाहिली की कळतं, स्कॉट यांनी दार उघडलं होतं, पण ते उघडं ठेवायची जबाबदारी खेळाने घेतली नाही. गुणवान चालकाला चांगली गाडी, पैसा आणि निष्पक्ष मोजणी मिळाली पाहिजे. स्कॉट यांना यातलं काहीच धड मिळालं नाही, तरी त्यांनी जिंकून दाखवलं.