नकोसा दिलासा

जवळचे माणूस गेल्याची बातमी कानावर पडते त्या पहिल्या क्षणी मनात काय आले, हे आपण सहसा कुणाला सांगत नाही. एमिली एम. डॅनफर्थ या अमेरिकन लेखिकेने मात्र आपली पहिली कादंबरी तिथूनच सुरू केली. 'द मिसएज्युकेशन ऑफ कॅमरन पोस्ट' ही ती कादंबरी, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली. मोंटाना राज्यातले माइल्स सिटी हे लेखिकेचे गाव, आणि १९८९ चा उन्हाळा. बारा वर्षांची कॅमरन आयरीन या मैत्रिणीकडे मुक्कामाला आहे. दोघींनी एकमेकींचे चुंबन घेतले आहे. त्या रात्री फोन येतो की कॅमरनच्या आईवडिलांची गाडी तलावात कोसळली. तेव्हा मुलीच्या मनात आधी दुःख येत नाही. आधी येतो तो दिलासा, की आता त्यांना हे कधीच कळणार नाही.

या एका दिलाशाची किंमत ती पुढची काहीशे पाने मोजते. तो कुणाला सांगण्यासारखा नाही आणि विसरण्यासारखाही नाही. आयरीनला ती टाळू लागते. वडिलांनी बनवलेल्या बाहुलीघरात इकडून तिकडून उचललेल्या वस्तू चिकटवत बसते, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेट एकामागून एक पाहते. घरात आजी आहे, आणि सांभाळायला आलेली धर्मनिष्ठ रूथ मावशी. शोक करायला मोकळीक पुष्कळ आहे. फक्त ज्या गोष्टीत तो शोक अडकला आहे तिचे नाव घेण्याची सोय नाही. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ च्या सुमारास समाजाची मान्यता नसलेल्या शोकाची कल्पना मांडली. ज्या नात्याला नाव नाही, त्याच्या वियोगाचे सुतकही कुणी पाळत नाही, असा तिचा आशय. कॅमरनची गाठ त्याहून अवघड वाटते. तिचा शोक सर्वांना मान्य आहे, पण त्याच्या आत मान्य नसलेले प्रेम बसले आहे. दोन्ही एकाच दिवशी आले, म्हणून एकाला हात लावला की दुसरे हलते.

मग शाळेच्या वरच्या वर्गात असताना कोली टेलर भेटते. कोलीला मित्र आहे, ती चर्चमध्ये जाते, गावाची लाडकी आहे. हे प्रेम लेखिकेने घाई न करता वाढू दिले आहे: शेजारी बसणे, गाडीतून फिरणे, सिनेमे पाहणे. आपल्याकडे दोन मुलींची अशी जवळीक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, तशीच तिथेही येत नाही. 'जिवलग मैत्रीण' हा शब्द पुष्कळ काही झाकतो. शेवटी कोलीच्याच बाजूने गोष्ट पाद्र्यापर्यंत पोहोचते आणि कॅमरनची रवानगी 'गॉड्स प्रॉमिस' नावाच्या सुधारशाळेत होते.

तिथे प्रत्येक मुलाला हिमनगाचे चित्र देतात. पाण्यावर दिसणारे टोक म्हणजे 'पाप'. पाण्याखाली त्याची कारणे लिहायची. आईवडिलांचा अपघात हे कारण तर तयारच आहे. अशी कारणे शोधण्याची खोड फक्त धर्मवाल्यांना आहे असे नाही. फ्रॉइडने १९२० मध्ये अठरा वर्षांच्या एका व्हिएन्नाच्या मुलीची हकिकत लिहिली. ही मुलगी आजारी नाही हे त्याने मान्य केले, हे त्याच्या श्रेयात धरू. पण तिच्या ऐन वयात आईला पुन्हा मूल झाले, त्या अपेक्षाभंगात त्याने तिच्या प्रेमाचे मूळ शोधलेच. डॅनफर्थचे उत्तर मला फार साधे आणि बिनतोड वाटते. तिने फक्त क्रम पक्का ठेवला आहे. चुंबन आधी, मृत्यूची बातमी नंतर. शोकामुळे प्रेम झाले असे म्हणायला तिने जागाच ठेवलेली नाही. शोकाने त्या प्रेमाला भीतीचा रंग दिला, एवढेच.

डिझायरी अखवान यांनी २०१८ मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला आणि त्याला सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. चित्रपट चांगला आहे, पण तो सुरू होतो कॅमरन पकडली जाते तिथून. बालपणाचा सगळा पूर्वार्ध गळल्यामुळे क्रमाचा हा मुद्दाही गळला.

नीना लाकूर यांच्या 'वी आर ओके' (२०१७) मध्ये उलट बाजू दिसते. मॅरिनला सांभाळणारा आजोबा जातो आणि ती ज्या मेबलवर प्रेम करत होती तिलाच उत्तरे देणे बंद करते. बर्फात अडकलेल्या वसतिगृहात मेबल भेटायला येते, तेव्हा तिच्या आयुष्यात एक मुलगा आलेला असतो. इथे शोक प्रेम गिळतो. मैत्री तेवढी उरते, आणि लेखिका तिला दुय्यम मानत नाही.

मराठी वाचकाला इथे तेंडुलकरांची मित्रा आठवेल. 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आले १९८१ मध्ये. मित्राचे नमावरचे प्रेम आपण बापूच्या तोंडून ऐकतो आणि अखेर मित्रा स्वतःला संपवते. तेंडुलकरांचे धाडस मोठे होते, पण त्या गोष्टीत शोक करायला उरतो तो बापू. मुलगी स्वतः शोक करते आहे आणि जिवंत राहून प्रेमही करते आहे, असे पात्र आपल्या साहित्यात मला फारसे भेटलेले नाही.

कॅमरनचे आईवडील ज्या तलावात बुडाले त्या क्वेक लेकची कथाही विलक्षण आहे. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री भूकंप झाला, डोंगराचा कडा मॅडिसन नदीत कोसळला, नदी अडली आणि हा तलाव तयार झाला. त्या भूकंपात २८ माणसे गेली. कादंबरीतली कॅमरनची आई लहान असताना त्या रात्री तिथून केवळ योगायोगाने वाचलेली असते. सुधारशाळेतून पळालेली कॅमरन दोन सोबत्यांना घेऊन तिथेच पोहोचते, पेटलेली मेणबत्ती हातात धरून थंडगार पाण्यात उतरते आणि आईवडिलांशी बोलते. त्या दिलाशाबद्दलही.