'बिकॉज'मागे 'सो' हवाच का?

२०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. पाऊस नाही म्हणून विहिरीला पाणी नाही, पाणी नाही म्हणून बाग नाही. अंबड-बदनापूरचं पोर ही साखळी मराठीत एका दमात सांगेल. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र ऐकीव नियम आडवे येतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं, तरी हे नियम काही हटलेले नाहीत.

गैरसमज: 'बिकॉज'ने वाक्य सुरू करू नये.
वस्तुस्थिती: खुशाल करावं. 'बिकॉज द रेन्स फेल्ड, द ऑर्चर्ड्स ड्राइड अप' यात काहीच चूक नाही. चूक होते ती 'फेल्ड'पाशीच पूर्णविराम दिल्यावर. कारण कळतं, पण पुढे काय झालं ते राहून जातं. बोलताना असं अर्धं उत्तर खपतं, पेपरात मार्क जातात.

गैरसमज: आधी 'बिकॉज' आला की पुढे 'सो' पाहिजेच.
वस्तुस्थिती: ही मराठीची सवय. आपल्याकडे जर-तर, जरी-तरी अशा जोड्याच असतात. सरकारी आदेशसुद्धा 'ज्याअर्थी'ने उघडतो आणि 'त्याअर्थी'वर येतो. इंग्रजीला इथे एकच शब्द पुरतो: 'बिकॉज' ठेवा, नाहीतर 'सो'. 'ऑल्दो'नंतर 'बट' घालण्याची चूकही याच सवयीतून होते.

गैरसमज: 'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ' एकच.
वस्तुस्थिती: अर्थ एक, पण मागून येणारं वेगळं. 'बिकॉज'नंतर कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य येतं, 'बिकॉज ऑफ'नंतर नाम: 'बिकॉज ऑफ द ड्राउट'.

गैरसमज: 'बिकॉज ऑफ'च्या जागी 'ड्यू टू' लिहिणं चूक.
वस्तुस्थिती: इंग्रजी कोशकार फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात या वापरावर नाक मुरडलं होतं. आज तो सर्रास चालतो.

गैरसमज: 'देअरफोर' म्हणजे भारदस्त 'सो'.
वस्तुस्थिती: 'सो' स्वल्पविरामानंतर दोन वाक्यं जोडतो. 'देअरफोर' हे क्रियाविशेषण. त्याच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो.

खरी गंमत नकारात आहे. 'ही डिड नॉट सेल द लँड बिकॉज ऑफ द ड्राउट' याचे अर्थ दोन: दुष्काळामुळे जमीन विकली नाही, किंवा विकली, पण दुष्काळामुळे नव्हे. बँकेच्या अर्जात असं वाक्य असेल, तर कारण सुरुवातीला घ्यावं: 'बिकॉज ऑफ द ड्राउट, ही डिड नॉट सेल द लँड.' मग दुसरा अर्थ निघतच नाही.