आधी अर्थिंग, मग गिझर

थंडीचे दिवस आले की घराघरांतून पाणी तापवण्याचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी अंगणात बंब पेटत असे. आता वन-रूम किचनच्या घरात चार फूट बाय पाच फुटांचे न्हाणीघर असते. तेथे बंबाला जागा नाही आणि धुराला वाट नाही. त्यामुळे बहुतेकांचा ओढा विजेच्या हीटरकडे असतो. परंतु दुकानात गेल्यावर आपण आधी किंमत विचारतो, मग लिटर विचारतो, आणि घरातल्या वायरिंगचा विचार शेवटी करतो किंवा करतच नाही. हा क्रम उलटा असावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीजविषयक धोरणाचे काम त्यांच्या खात्याकडे होते आणि देशाला स्वस्त व मुबलक वीज मिळावी असा आग्रह त्यांनी त्या वेळी धरला होता. ती वीज आज आपल्या न्हाणीघरापर्यंत पोहोचली आहे. ती समजून-उमजून वापरणे हे आपले काम आहे.

अर्थिंग म्हणजे काय?

हीटरच्या आतील कॉइलचे आवरण फुटले की वीज पाण्यात व धातूच्या भागात उतरते. अर्थिंगची तार असेल तर ती वीज सरळ जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर तिला जमिनीकडे जाण्यासाठी ओल्या अंगाने उभा असलेला माणूस हाच मार्ग उरतो. भिंतीवरील प्लगला तीन भोके आहेत म्हणजे अर्थिंग आहे, असे नव्हे. जुन्या चाळींत कित्येकदा तिसऱ्या भोकामागे तारच नसते. काही ठिकाणी ती नळाच्या पाइपाला बांधलेली असते. ते तर शेजाऱ्यालाही धोक्याचे. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

याखेरीज ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवावा. साधा एमसीबी वायरिंगवर जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच पडतो. माणसाच्या अंगातून जाणारी थोडी वीज त्याला कळत नाही. आरसीसीबीला ती कळते आणि तो क्षणार्धात वीज तोडतो.

कोणता हीटर घ्यावा?

पाण्यात बुडवायचा रॉड सर्वांत स्वस्त. भाड्याच्या खोलीत राहणारे आपले विद्यार्थी बहुधा तोच वापरतात. पाणी तापले का, हे बोट बुडवून पाहण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच पाण्याला हात, हा नियम कधीही मोडू नये. रॉडवर आयएसआय खूण असावी. लहान मुले असलेल्या घरात रॉड टाळावा हेच उत्तम.

३ लिटरचा इन्स्टंट गिझर जागा कमी घेतो. पण तो साधारण ३ किलोवॅटचा, म्हणजे १३ अँपियर ओढणारा असतो. नळाचे पाणी २० अंशांचे असेल आणि मिनिटाला २ लिटर धार ठेवली, तर पाणी ४० अंशांच्या आसपास येते. १५ लिटरची बादली भरण्यास सात-आठ मिनिटे लागतात. धार मोठी केली की पाणी कोमट पडते. एक-दोन माणसांच्या घरास तो पुरतो.

१५ लिटरचा स्टोरेज गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास त्याला वीस-एकवीस मिनिटे आणि सुमारे ०.७ युनिट वीज लागते. त्यात तितकेच थंड पाणी मिसळले की आंघोळीच्या दोन बादल्या होतात. चार माणसांच्या घराने दोन आंघोळींनंतर वीस मिनिटे थांबावे. त्यासाठी २५ लिटरची टाकी घेण्याचे कारण नाही. पाणी साठवून ठेवल्यास उष्णता वाया जाते, म्हणून जास्त स्टारचा गिझर घ्यावा आणि आंघोळीपुरताच चालू करावा.

कोणताही गिझर दिव्याच्या ६ अँपियरच्या प्लगवर चालवू नये. त्यासाठी १६ अँपियरचा प्लग आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर असावी. बटण न्हाणीघराबाहेर ठेवावे. टाकीत १५ किलो पाणी असते, म्हणून चार इंची भिंतीत खिळ्यांवर न भागवता मजबूत बोल्ट मारावेत. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याचे तोंड कधीही बंद करू नये. आतील वाढलेला दाब तेथूनच बाहेर पडतो.

वीज महाग म्हणून काही जण गॅस गिझरकडे वळतात. बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि दार आतून बंद असते. अशा मृत्यूंच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत आल्या आहेत. ज्या न्हाणीघराला पुरेशी खिडकी नाही, तेथे गॅस गिझर नकोच.

आपण काय करावे?

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. शेजाऱ्याने घेतला किंवा दुकानदार म्हणाला, एवढ्यावर घरातल्यांचा जीव सोपवणे त्या शिकवणीत बसत नाही.

आमची एक सूचना आहे. आपल्या समाजात वायरमन व इलेक्ट्रिशियनचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेले अनेक तरुण आहेत. परवानाधारक वायरमनच्या देखरेखीखाली त्यांनी दरवर्षी थंडीपूर्वी एक रविवार देऊन सभासदांच्या घरांचे अर्थिंग तपासावे. गिझर पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. अर्थिंगचे काम मात्र पुढे ढकलू नये.

जयभीम!