सबवूफर: आधी पेटीचे माप, मग स्पीकर

आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीतल्या सबवूफरच्या पेटीवर चढवायचे कापड विकताना एक चूक वारंवार दिसते. गिऱ्हाईक बारा इंची स्पीकर मागते, कारागीर डिकीत मावेल तशी पेटी करतो. मग बास नुसता घुमतो, पेटी परत येते आणि मजुरी बुडते.

पेटी दोन प्रकारची. बंद पेटी लहान असते आणि ठोका नेमका देते. भोकाची, म्हणजे पोर्टची पेटी मोठी लागते. तेवढ्याच वॉटमध्ये ती आवाज जास्त देते, पण पोर्टची लांबी चुकली की बास बिघडतो. बंद पेटीत १० इंची स्पीकरला साधारण पाऊण, तर १२ इंचीला सव्वा घनफूट जागा लागते. नेमका आकडा स्पीकरसोबतच्या कागदावर असतो, तोच प्रमाण मानावा.

माप आतून घ्यावे. पाऊण इंची एमडीएफची १५ × १५ × १३ इंची पेटी बाहेरून १.६९ घनफूट भरते, आतून अवघी १.२१. स्पीकरने व्यापलेली जागा त्यातूनही वजा करावी. सांधे हवाबंद हवेत.

आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरच्या लेथवर सुताचा फरक चालत नाही. मग पेटीच अंदाजाने का कापावी?