लाईट गेली की कॉम्प्युटर लिनक्समध्येच उघडतो? एकदा एवढं करून ठेवा

दस्तावेजांसाठी रांग लागलेली, तेवढ्यात लाईट जाते. परत आली की चालक कॉम्प्युटर चालू करतो आणि चहा घेऊन येतो. बघतो तर विंडोजऐवजी उबंटू उघडलेलं. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजवर, म्हणजे पुन्हा रीस्टार्ट. तोवर रांग उन्हात उभी.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकून घेतलेल्यांना ही अडचण येते. दोष मशीनचा नाही. चालू होताना 'ग्रब' नावाची यादी दिसते. उबंटूत ती साधारण दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कोणी काही निवडलं नाही तर पहिल्या नंबरचं उघडतं, आणि पहिलं असतं उबंटू.

हे बदलता येतं. आधी यादीतलं विंडोजचं नाव जसंच्या तसं कागदावर लिहून घ्यावं किंवा मोबाईलवर फोटो काढावा. मग उबंटूत टर्मिनल उघडून 'सुडो नॅनो' या आज्ञेने 'ईटीसी'मधल्या 'डिफॉल्ट' फोल्डरातली 'ग्रब' फाइल उघडावी. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. त्याआधी फाइलची एक कॉपी काढून ठेवलेली बरी.

फाइलमध्ये 'ग्रब डिफॉल्ट'पुढे शून्य असतं. इथे मोजणी शून्यापासून होते, म्हणजे यादीत तिसऱ्या ओळीवर विंडोज असेल तर २ लिहायचं. पण यादीत ओळ वाढली की नंबर चुकतो. म्हणून नंबरऐवजी विंडोजचं पूर्ण नाव अवतरण चिन्हांत लिहिणं जास्त भरवशाचं. कंट्रोल आणि ओ दाबून एंटर केलं की सेव्ह होतं, कंट्रोल आणि एक्सने बाहेर पडता येतं.

शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावीच लागते. बरेच जण इथेच विसरतात, मग बदल लागू होत नाही.

यादीच न दिसता थेट विंडोज उघडत असेल तर ग्रबमध्ये हात घालू नये. तेव्हा बायोसमधला बूट क्रम बदललेला असतो, तिथे उबंटू वर घ्यावं.

हे काम रांग नसताना, संध्याकाळी करावं. एकदा रीस्टार्ट करून, हात न लावता विंडोज उघडतंय का ते बघितल्याशिवाय शटर ओढू नये.